पांढरीच्या मातीतला शेतकरी

तुमच्यापैकी जी मुले शहापूर-मुरबाडकडची आहेत त्यांना म्हशाच्या यात्रेची ओळख करून द्यायला नको. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे म्हसोबाची यात्रा भरते. पाळणे, मिठाई, घोंगड्या हे सारे तेथे असतेच. पण यात्रेचे खरे नाव आहे ते बैलबाजारासाठी. या बाजारात एखादा जाणता शेतकरी बैल कसा पारखतो ते कधी नीट पाहिले आहे काय? किमतीची बोलणी नंतर. आधी तो बैलाचा जबडा उघडून दात पाहतो. ‘आदत’, ‘दोनदाती’, ‘चारदाती’, ‘सहादाती’, ‘जुळलेला’ असे शब्द तुमच्या कानांवर पडतील.

बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात आणि ते आठ असतात. दुधाचे दात पडून त्यांच्या जागी कायमचे दात जोडीजोडीने येतात. पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांनी येते. चारही जोड्या पुऱ्या होतात तेव्हा जनावर चार-पाच वर्षांचे झालेले असते. पुढे दात झिजू लागतात. बैलाचा जन्मदाखला कोणी ठेवत नाही. त्याचे दात हाच त्याचा दाखला.

आता अशी कल्पना करा, की बैल मरून तीन हजार वर्षे झाली आहेत आणि आपल्या हाती त्याचा फक्त जबडा आला आहे. त्याचे वय सांगता येईल काय? येईल, आणि अगदी याच रीतीने. पुरातत्त्वज्ञ, म्हणजे जुन्या अवशेषांवरून गतकाळाचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ, हेच करतो. म्हशाच्या बाजारातील शेतकरी आणि उत्खननातील शास्त्रज्ञ यांची विद्या येथे एकच आहे. या विद्येच्या आधारे आपल्या महाराष्ट्रातील पहिल्या शेतकऱ्यांविषयी काय काय कळले आहे, आणि मुख्य म्हणजे ते कसे कळले, हे आज आपण पाहू.

काळी आणि पांढरी

गावच्या जमिनीचे दोन भाग आपल्याकडे पूर्वापार सांगतात. पिकाची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. पांढरी हे नाव उगीच पडलेले नाही. माणसे एका जागी पिढ्यान्पिढ्या राहिली की मातीच्या भिंती पडतात, त्यांवर नव्या उभ्या राहतात. चुलीची राख, शेण, भुसा, मोडकी मडकी, हाडे यांचे थर साचत जातात. काही शतकांनी तेथे फिकट रंगाच्या भुसभुशीत मातीचे टेकाड तयार होते. गाव उठून गेले तरी टेकाड राहते.

असे टेकाड म्हणजे पुस्तकच. मात्र हे पुस्तक तळापासून वर वाचायचे असते. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना, वरचा सर्वांत नवा. म्हणून पुरातत्त्वज्ञ कुदळीने खड्डा पाडीत नाही. तो लहान सुरीने, ब्रशाने एकेक थर उलगडतो आणि कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली याची नोंद ठेवतो. थर ठाऊक नसलेले मडके म्हणजे पुस्तकातून फाडलेले पान. ते कोणत्या प्रकरणातले, हे मग कोणालाच सांगता येत नाही.

दुर्दैवाने पांढरीची माती खताला चांगली, म्हणून अनेक ठिकाणी ही टेकाडे खणून गाड्या भरभरून नेली गेली. त्यांबरोबर पानेच्या पाने कायमची गेली.

घोड नदीच्या काठी

मुरबाड तालुक्यात गोरखगडाच्या पायथ्याशी उभे राहून पूर्वेला पाहिले की सह्याद्रीची भिंत दिसते. तिच्या माथ्यावर आहुपे गाव आहे. या माथ्याच्या पश्चिमेला पडलेला पाऊस उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला, आहुप्याच्या परिसरात पडलेला पाऊस घोड नदीचा होतो, भीमेला मिळतो आणि शेवटी कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातो. या घोड नदीच्या काठाने खाली खाली चालत गेलो तर शिरूर तालुक्यात इनामगाव लागते. महाराष्ट्राच्या पहिल्या शेतकऱ्यांचे सर्वांत तपशीलवार वाचलेले पुस्तक ते हेच.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि डॉ. झै. दा. अन्सारी ही या कामातील प्रमुख नावे. त्यांच्याबरोबर वनस्पतींचे, प्राण्यांच्या हाडांचे, मानवी सांगाड्यांचे अभ्यासकही होते. एका खेड्याच्या अभ्यासासाठी इतक्या शास्त्रांची माणसे इतकी वर्षे एकत्र राबल्याची उदाहरणे आपल्या देशात थोडी आहेत.

इनामगावची वस्ती इ. स. पूर्व १६०० च्या सुमारास सुरू झाली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास उठली. म्हणजे सुमारे नऊशे वर्षे तेथे माणसे नांदली. या काळाचे तीन भाग पडतात: पहिला माळवा काळ, मग इ. स. पूर्व १४०० ते १००० हा पूर्व जोर्वे काळ आणि त्यानंतरचा उत्तर जोर्वे काळ. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातील एक गाव. तेथे १९५०-५१ मध्ये जी विशिष्ट मडकी उत्खननात मिळाली, त्यांच्यावरून या संस्कृतीला हे नाव पडले. लाल अंगावर काळी नक्षी असलेली ही मडकी इतकी चांगली भाजलेली असतात की बोटाने टिचकी मारली तर खणखणीत वाजतात. या लोकांना तांबे ठाऊक होते, पण ते दुर्मीळ. रोजची कामे दगडी पात्यांनीच चालत. म्हणून या काळाला ताम्रपाषाणयुग म्हणतात. लोखंड अजून त्यांच्या घरात आले नव्हते.

जळका दाणा टिकतो

आता पहिला प्रश्न. तीन हजार वर्षांपूर्वी लोक काय पिकवीत, हे कसे कळणार? धान्याचा दाणा जमिनीत पडला तर एक तर उगवतो, नाही तर कुजतो. मग तो शिल्लक कसा राहील?

तो राहतो, पण जळाला तरच. स्वयंपाक करताना चार दाणे चुलीत पडले, किंवा साठवलेल्या धान्याला आग लागली, तर हवा पुरेशी न मिळाल्यामुळे काही दाण्यांची राख न होता कोळसा होतो. कोळसा झालेला दाणा जिवाणूंच्या व बुरशीच्या काही कामाचा नसतो. म्हणून तो कुजत नाही आणि त्याचा आकार बराचसा कायम राहतो. गृहिणीच्या हातून सांडलेले दाणे अशा रीतीने इतिहासाचा पुरावा होतात!

पण मातीत मिसळलेला हा काळा दाणा शोधायचा कसा? युक्ती सोपी आहे. उत्खननातील माती पाण्याच्या पिंपात टाकून ढवळतात. माती, खडे तळाशी बसतात. कोळसा हलका, तो वर तरंगतो. बारीक चाळणीने तो अलगद काढून घेतात, सावलीत वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दाणा आजच्या दाण्यांशी ताडून पाहतात.

इनामगावच्या अशा दाण्यांचा अभ्यास डॉ. मुकुंद काजळे यांनी केला. तेथील मुख्य पीक जव म्हणजे सातू हे होते. त्याच्या जोडीला गहू, मसूर, वाटाणा, हुलगा आणि वाल मिळाले. थोडा तांदूळही मिळाला. मुरबाडकडे भात काढल्यावर जमिनीतल्या ओलीवर वाल करतात. तोच वाल घोड नदीच्या काठी तीन हजार वर्षांपूर्वी शिजत होता!

जवच मुख्य का? याचे उत्तर पावसात आहे. शहापूर-मुरबाडला वर्षाकाठी सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून शिरूरकडे गेलो की तो पाचशेच्या आसपास येतो. जव हे कमी पाण्यात येणारे पीक. तरीही इनामगावचे लोक केवळ आभाळाकडे पाहत बसले नव्हते. वस्तीच्या कडेला त्यांनी दगड-मातीचा बांध घातला होता आणि त्याच्या जोडीला सुमारे चार मीटर रुंद व साडेतीन मीटर खोल असा पाट खणला होता. पुराचे पाणी वळवून ते शेताला द्यावे, असा त्याचा उपयोग असावा असे उत्खनकांचे मत आहे. लोखंडाची कुदळ नसताना हे काम झाले, हे लक्षात घ्या. एका कुटुंबाचे हे काम नव्हे. त्यासाठी सारा गाव एकत्र यावा लागतो.

पीक आले की ते साठवायला हवे. इनामगावच्या घरांत धान्याची पेवे सापडली, तशीच मातीची गोल ओटीही सापडली. या ओट्यांवर बांबूच्या कणग्या ठेवीत असावेत. एक पाच खोल्यांचे मोठे घर मिळाले, त्याच्या शेजारी धान्याचे कोठार होते. हे गावच्या प्रमुखाचे घर असावे आणि लोकांकडून आलेले धान्य त्या कोठारात जमा होत असावे, असे ढवळीकरांनी अनुमान काढले. शिल्लक धान्य आले, की ते कोणी सांभाळायचे हा प्रश्नही त्याच्याबरोबर येतो.

रानचे की घरचे?

येथे चौकस विद्यार्थी विचारील, “दाणा मिळाला म्हणजे शेती झाली असे कशावरून? तो रानातून वेचून आणलेला नसेल काय?”

शंका रास्त आहे. उत्तरासाठी देवभात आठवा. पाणथळ जागी आपोआप उगवणारा हा भात. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, म्हणून काही घरांत या देवभाताचे तांदूळ शोधून आणतात. हे काम चिकाटीचे आहे, कारण देवभाताचे दाणे पिकले की आपण होऊन गळून पडतात. रानातील गवताला ते सोयीचेच आहे. बी पसरले पाहिजे ना! पण शेतकऱ्याला ते कसे चालेल? त्याचे पीक कापणीपर्यंत लोंबीला धरून राहिले पाहिजे.

आता आद्य शेतकऱ्याचा विचार करा. तो रानटी गवत कापायला गेला तेव्हा गळलेले दाणे जमिनीवर राहिले. न गळणारे तेवढे घरी आले. पुढच्या वर्षी त्यांतलेच काही त्याने पेरले. असे शेकडो वर्षे होत गेले आणि न गळणारी जात शेतात वाढत गेली. कोणीही मुद्दाम प्रयोग केला नव्हता. कापणी आणि पेरणी यांच्या फेऱ्यातच निवड होत गेली. याचा पुरावा दाण्याच्या देठाशी असतो. आपोआप गळलेल्या दाण्याच्या बुडाशी गुळगुळीत व्रण राहतो. मळणीत तुटलेल्या दाण्याच्या बुडाशी खडबडीत. म्हणजे रानचा की घरचा, हे त्याच्या देठावर लिहिलेले असते.

आणखी एक पुरावा आहे. गहू आणि जव यांचे रानटी पूर्वज पश्चिम आशियातील. शेळ्या-मेंढ्यांचेही तसेच. दख्खनच्या पठारावर त्यांचे रानटी भाऊबंद कधीच नव्हते. तेव्हा इनामगावला मेंढीचे हाड किंवा गव्हाचा दाणा मिळाला, की तो माणसाबरोबर आला हे ठरल्यातच जमा. याउलट मुगासारख्या कडधान्याचा रानटी भाऊबंद आजही सह्याद्रीत सापडतो. आणि ज्वारी, बाजरी, नाचणी? ज्यांना आपण अस्सल गावठी समजतो ती ही धान्ये मूळची आफ्रिकेतील. जुन्या उत्खननांच्या अहवालांत ती अनेक ठिकाणी नोंदलेली आहेत; पण नंतर दाणे पुन्हा तपासले तेव्हा त्यांतील काही नोंदी टिकल्या नाहीत. बारीक दाण्यांच्या इतर धान्यांना चुकून नाचणी समजले गेले होते. शास्त्रात असे होते. पुन्हा तपासणे हा कोणाचा अपमान नसतो.

हाडे काय सांगतात?

इनामगावला गाय-बैल, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर आणि कुत्रा या प्राण्यांची हाडे मिळाली, तशी हरणांचीही मिळाली. त्यांत गाय-बैलांची सर्वांत अधिक. ही गुरे आपल्यासारखीच वशिंडाची होती काय? वशिंडात हाड नसते, ते कुजून जाते. पण वशिंडाच्या जनावराच्या पाठीच्या काही मणक्यांचे वरचे टोक दुभंगलेले असते. असा मणका मिळाला की वशिंड न दिसताही दिसते. अशी गुरे प्रथम माणसाळली ती सिंधूच्या पश्चिमेकडे. आज पाकिस्तानात असलेल्या मेहरगढ येथे किमान सात हजार वर्षांपूर्वी ती पाळली जात होती.

आता दातांकडे पुन्हा येऊ. समजा, एका गावात मिळालेले बहुतेक जबडे कोवळ्या जनावरांचे आहेत. तर गुरे मुख्यतः मांसासाठी पाळली जात असावीत. जबडे म्हाताऱ्या, झिजल्या दातांच्या जनावरांचे असतील, तर त्यांच्याकडून आधी दूध किंवा काम घेतले जात असले पाहिजे. एक जबडा फक्त एक वय सांगतो. शेकडो जबडे गावाची रीत सांगतात. इनामगावच्या काही हाडांवर कापल्याच्या आणि भाजल्याच्या खुणा आहेत, म्हणजे गुरांचे मांस खाल्ले जाई. त्याचबरोबर तेथील एका मडक्यावर बैल जुंपलेल्या गाडीचे चित्र आहे. जवळच वाळकी येथे मिळालेल्या हाडाच्या एका अवजाराला उत्खनकांनी नांगराचा फाळ मानले आहे. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली धातूच्या चार भारी प्रतिमा मिळाल्या. त्यांत हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ आहे. त्यांच्या नेमक्या काळाविषयी मतभेद आहेत, पण बैलाचे मोल त्यावरून कळतेच.

काळ कोण सांगतो?

‘इ. स. पूर्व १४००’ हे आकडे आले कोठून? मडक्यावर साल लिहिलेले नसते. हे काम कार्बन-१४ करतो. ही रीत अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड लिबी यांनी १९४९ च्या सुमारास शोधून काढली आणि १९६० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

वातावरणातील कार्बनचा अगदी अल्प अंश किरणोत्सर्गी असतो. झाड जिवंत असेपर्यंत तो सतत घेत असते. झाड मेले की घेणे थांबते आणि आतला कार्बन-१४ ठराविक गतीने घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. जळक्या दाण्यात किंवा कोळशात तो किती उरला आहे हे मोजले की काळ काढता येतो. समजा, मूळच्या ७० टक्के उरला आहे. तर गणिताने सुमारे २,९५० वर्षे येतात. वहीत आलेख काढून तुम्हीही हे पडताळू शकाल. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण सर्वकाळ सारखे नव्हते, म्हणून झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून या उत्तरात दुरुस्ती करतात.

शंख चालत आला नाही

इनामगाव समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तेथे शंखाच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले. शंख काही चालत आला नाही! तांब्याचेही तसेच. पश्चिम महाराष्ट्राच्या काळ्या कातळात तांब्याची धातुके नाहीत, तरी तेथे तांब्याचे मणी व हत्यारे मिळतात. सोन्याचे दागिने आणि हस्तिदंतही मिळाले. ढवळीकरांच्या मते सोने व हस्तिदंत कर्नाटकाकडून आले असावे. तांबे राजस्थान-गुजरातकडून आले असावे. चांगले शंख मिळण्याची जवळची जागा म्हणजे कच्छ-सौराष्ट्राचा किनारा.

म्हणजे ज्या काळात नाणे नव्हते, लिपी नव्हती, त्या काळातही वस्तू शेकडो किलोमीटर हिंडत होत्या. याचा अर्थ इनामगावचा माणूस सौराष्ट्राला जात होता, असा मात्र होत नाही. एक गाव दुसऱ्याला देते, दुसरे तिसऱ्याला. अशी हातोहात देवाणघेवाण करतही वस्तू लांब पोचते. आजही कोकणातले सुके बोंबील घाटावरच्या बाजारात दिसतात, ते पकडणारा कोळी तेथे आलेला नसतो.

येथे एक मोह टाळायला शिकले पाहिजे. मुरबाडहून जुन्नरला चढणारा नाणेघाट तुम्ही पाहिला असेल. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा प्रसिद्ध लेख आहे, बाहेर दगडी रांजण आहे. मग इनामगावचे शंख याच वाटेने चढले, असे म्हणावे काय? म्हणता येणार नाही. नाणेघाटातील लेख इ. स. पूर्व पहिल्या शतकाचा. इनामगाव त्याआधी सहाशे वर्षे ओस पडले होते. लेखावरून सातवाहनकाळी ही वाट मोठी होती इतके सिद्ध होते. त्याआधी ती चालत होती, हे संभवनीय आहे. पण संभव आणि पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या गावाची थोरवी वाढवण्यासाठी त्यांची गल्लत करणारा चांगला अभ्यासक होत नाही.

गाव का उठले?

आता या पुस्तकातील सर्वांत दुःखाचे प्रकरण.

इ. स. पूर्व १००० नंतरच्या थरांत इनामगावचे रूप पालटते. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या येतात. शेळ्या-मेंढ्यांचे आणि शिकारीच्या प्राण्यांचे महत्त्व वाढते. मडकी पूर्वीइतकी सुबक राहत नाहीत. आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडते.

इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली. त्यांतील बहुसंख्य लहान मुलांची आहेत. मूल गेले की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरीत. जवळ एखादे लहान भांडे ठेवीत. मूल घरापासून दूर जाऊ नये, असेच त्या आईबापांना वाटत असेल काय?

ढवळीकरांचे म्हणणे असे, की पाऊस कमी होत गेला, शेती खालावली, लोक धनगरांसारखे फिरते झाले. डॉ. सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी सांगाड्यांच्या दातांचा अभ्यास केला. पिठूळ अन्न अधिक असले की दात अधिक किडतात. तेव्हा आहारातील बदल दातांवरूनही पाहता येतो. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगाव, नेवासे व दायमाबाद येथील बालकांची हाडे मोजली आणि २०११ साली त्यावर पुस्तक लिहिले. इनामगावच्या शेवटच्या काळातील मुलांची वाढ खुंटलेली होती, असे त्यांना दिसले. मात्र सारा दोष एकाएकी पडलेल्या दुष्काळावर टाकायला त्या तयार नाहीत. हवा तर आधीपासूनच कोरडी होती; लोक जमिनीचा वापर कसा करीत, तेही पाहिले पाहिजे, असे त्या म्हणतात.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. कमी पावसाच्या प्रदेशात, मातीला विश्रांती न देता, किती माणसे आणि किती गुरे पोसता येतील? तीन हजार वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या हाडांवर लिहिले गेले. तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

आपल्या तालुक्यात काय?

“मग शहापूर-मुरबाडला असे गाव का नाही?” असे तुम्ही विचाराल. जोर्वे संस्कृतीची गावे महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मिळाली, पण कोकणपट्टी तिच्या बाहेरच राहिली. दाट रान, प्रचंड पाऊस आणि जव-गव्हाला न मानवणारी जमीन ही त्याची कारणे असू शकतील. शिवाय कुडाच्या झोपड्या पावसाळ्यात विरून जातात आणि ओल्या आम्लधर्मी जमिनीत हाडे टिकत नाहीत. घाटावर जितके साचते, तितके कोकणात धुपते. तरी माणूस येथे नव्हताच असे नाही. मुंबईच्या आसपासच्या किनाऱ्यावर टॉड नावाच्या संशोधकाला गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सूक्ष्मास्त्रे, म्हणजे बोटाच्या पेराएवढी दगडी पाती, मिळाली होती. अशी पाती लाकडी दांड्यात ओळीने बसवून विळा करीत. गवत-धान्य कापून कापून अशा पात्याच्या धारेवर एक चकाकी चढते, कारण गवताच्या अंगात बारीक सिलिका असते. चकाकी दिसली की कापणी झाली असे समजावे.

पावसाळ्यानंतर ओढ्याच्या काठी, नव्या रस्त्याच्या खोदाईत, विहिरीच्या मातीत तुम्हाला नक्षीचे खापर किंवा असे पाते दिसले तर काय कराल? खणू नका. जागेचा नकाशा काढा, फोटो घ्या, तारीख लिहा आणि शिक्षकांमार्फत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला कळवा. वस्तूपेक्षा तिची जागा अधिक बोलते, हे विसरू नका.

करून पाहा

एका पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घेऊन तिच्यात ज्वारी, भात, वाल आणि हुलगा यांचे प्रत्येकी वीस दाणे पुरा. शिक्षकांच्या देखरेखीखाली डबा झाकून निखाऱ्यावर तासभर ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर दाणे काढा. किती दाणे काळे झाले, किती फुटले, किती ओळखू येतात ते लिहा. मग ते शेतातील कोरड्या मातीत मिसळा, माती बादलीभर पाण्यात ढवळा आणि वर तरंगणारे दाणे चहाच्या गाळणीने काढा. वीसपैकी किती परत मिळाले? जे धान्य कमी मिळाले, ते तीन हजार वर्षांनी येणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला ‘या गावी नव्हतेच’ असे वाटेल. न सापडणे आणि नसणे यांतला फरक तुमच्या बादलीत तुम्हाला दिसेल.

आणि पौषात म्हशाला गेलात तर बैलाचे दात पाहणाऱ्या आजोबांजवळ थोडा वेळ उभे राहा. ते काय पाहतात, हे त्यांनाच विचारा. ते सांगतील ते वहीत उतरवून घ्या. ही विद्या कुठल्याही थरात सापडत नाही. ती माणसाबरोबर जाते.